न आलेले अठ्ठावन्न

कंबरसरांना साडूचा पहिला राग आला तो साडूच्या लग्नात, म्हणजे साडू रीतसर साडू होण्याच्या तासभर आधीच. सासूबाई पाहुण्यांना दोन्ही जावयांची ओळख करून देत होत्या. "हे आमचे मोठे जावई, कंबरेचं बघतात. आणि हे होणारे धाकटे. हृदयाचं!" 'कंबरेचं' म्हणताना सासूबाईंचा आवाज दोन पायऱ्या खाली उतरला आणि 'हृदयाचं' म्हणताना थेट गच्चीवर जाऊन उभा राहिला. पाहुणे हृदयाकडे वळले. कंबरसर हातातला सरबताचा पेला धरून एका कुंडीशेजारी उरले.

त्याला आता अकरा वर्षं झाली. कुंडी बदलली, सरांची जागा तीच.

खरं म्हणजे दोघांपैकी कुणीच गळ्यात नळी अडकवून फिरणारा डॉक्टर नव्हता. दोघं मोजणारे. एका मोठ्या रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आजारांचा भार मोजणारा विभाग होता आणि तिथल्या संशोधकांना सगळं रुग्णालय त्यांच्या त्यांच्या अवयवाने ओळखायचं. काम दोन प्रकारचं. कुठला आजार माणसांच्या आयुष्याची किती वर्षं खातो ते काढायचं, आणि उपचार केल्यावर किती जण बरे झाले ते बघायचं. माणूस सत्तरीपर्यंत जगायचा तो साठाव्या वर्षी गेला तर आजाराने दहा वर्षं खाल्ली, हे कुणालाही समजतं. पण जो मरत नाही, नुसता कण्हतो, त्याचं काय? त्याचीही सोय आहे. कण्हत काढलेल्या प्रत्येक वर्षाचा एक तुकडा तोडून आजाराच्या नावावर लिहायचा. अशा तुकड्यांची बेरीज केली की सरांच्या यादीत पहिला नंबर कंबरदुखीचा यायचा. ही बेरीज सर एकोणीस वर्षं लोकांना सांगत होते. लोकही एकोणीस वर्षं ती ऐकून घ्यायचे, ऐकता ऐकता खुर्चीत जरा सावरून बसायचे, कंबरेमागे उशी सरकवायचे आणि मग साडूकडे वळून विचारायचे, "छातीत डावीकडे दुखलं तर काय समजायचं हो?"

आणि या साडूला विभागात आणलं कुणी? कंबरसरांनीच. बायकोने दोन दिवस डोळ्यांतून पाणी काढलं, तिसऱ्या दिवशी यांनी शिफारसपत्र लिहिलं. वर्षभरात साडूला खिडकीची खोली मिळाली. सरांच्या खोलीलाही खिडकी होती, पण ती जनरेटरच्या भिंतीकडे उघडायची, म्हणजे उघडायचीच नाही.

साडूचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे त्याच्यात दोष सापडत नव्हता. दिसायला देखणा, बोलायला गोड, केस जिथल्या तिथे. शिपायापासून मोठ्या मॅडमपर्यंत सगळ्यांच्या मुलांच्या परीक्षा कधी आहेत ते त्याला पाठ. सरांना तो 'साडूभाऊ' म्हणायचा, खांद्यावर हात टाकायचा आणि मनापासून हसायचा. दुसऱ्याने मनापासून हसण्याइतकं जळणाऱ्या माणसाला दुसरं काही टोचत नाही. यानं आपला निदान थोडा तरी द्वेष करावा, असं सरांना फार वाटायचं. तेवढीच बरोबरी झाली असती.

या अकराव्या वर्षी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. विभागातला एक उपक्रम निवडून चाळीस रुग्णालयांत चालवायचा होता. एकच. मैदानात दोघं. झटका येऊन गेलेल्या हृदयरोग्यांसाठी साडूचा बारा आठवड्यांचा व्यायामवर्ग, आणि जुन्या कंबरदुखीवर सरांचा, एक खुर्ची आणि आठ व्यायाम एवढ्याच भांडवलावर चालणारा वर्ग. दोन्ही वर्ग संपून वर्ष झाल्यावर तपासलं तेव्हा साडूचे शंभरात त्र्याण्णव जण ठणठणीत होते. सरांचे एकसष्ट.

रविवारी दोन्ही जावई सासूबाईंकडे जेवायला होते. हा आकडा सासूबाईंच्या कानावर कुणी घातला हे सांगायला नको. साडूच्या बायकोचा आवाज मुळातच खणखणीत होता.

"एकसष्ट म्हणजे पास की नापास?" सासूबाईंनी निरागसपणे विचारलं.

"आई, तसं नसतं ते," सर म्हणाले. "मोजायच्या पद्धतीवर असतं. मी कडक मोजतो."

"मग जरा सैल मोजा. घरातलंच आहे सगळं."

साडू खो खो हसला. मग "थांबा आई, मी घेतो" म्हणत तो उठला, पण तोवर सासूबाईंनी ओट्याखाली वाकून सगळ्यात मोठं पातेलं दोन्ही हातांनी उचलून वर ठेवलंसुद्धा होतं. कंबरसरांना दिसलं ते एवढंच, की साडू मदतीला उठला आणि आपण बसूनच राहिलो.

घरी परतताना बायको म्हणाली, "तोंड का असं झालंय?"

"कसं?"

"कुणीतरी तुमच्या ताटातलं उचलून नेल्यासारखं."

"मला काय झालंय? चांगलं आहे की. त्र्याण्णव. अभिमान आहे मला."

"अभिमान असला की माणूस दात खातो का?"

सरांनी स्कूटरचा वेग वाढवला. दात खाणं मात्र थांबलं नाही.

सोमवारी देवाने ऐकलं, म्हणजे विभागाच्या नियमाने ऐकलं. अहवाल बाहेर जाण्याआधी दोन संशोधकांनी एकमेकांच्या नोंदवह्या तपासून खाली सही करायची, असा तिथला जुना दंडक होता. मोठ्या मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, चष्म्याची काडी चावत म्हणाल्या, "सर, तुम्ही हृदय बघा. ते कंबर बघतील. पुढच्या बुधवारी बैठक."

सर साडूची वही छातीशी धरून जिना चढले. खोलीचं दार लावलं. पेन्सिलीला टोक काढलं. जनरेटर सुरू होता, पण आज तो सनईसारखा वाटत होता. तासाभरात ते वही घेऊन नोंदणीबाईंच्या टेबलापाशी हजर झाले. नोंदणीबाई गेली बावीस वर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवत होत्या आणि संशोधक नावाच्या प्राण्याविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

"बाई, वहीत दोनशे चाळीस नावं आहेत."

"असतील."

"अहवालात एकशे ब्याऐंशीच मोजलीत!"

"बाकीचे वर्षाच्या तपासणीला आले नाहीत."

"आले नाहीत म्हणजे कुठे गेले?"

"मला सांगून जातात का, सर? येणारा माणूस येऊन सही करतो. न येणाऱ्याने न येऊन सही कशी करायची?"

अठ्ठावन्न! सरांना खोलीत परत गेल्याचंही कळलं नाही. साडूने न आलेले अठ्ठावन्न जण हिशेबातून उचलून बाजूला ठेवले होते आणि आलेल्यांतले एकशे एकोणसत्तर बरे म्हणून त्र्याण्णव टक्के काढले होते. कंबरसरांची पद्धत उलटी. जो आला नाही तो बरा झाला नाही, असं धरून चालायचं. या कडकपणाचा त्यांना एवढा अभिमान होता, की काही लोक जसे दागिने मिरवतात तसे ते आपले कमी आकडे मिरवायचे. या पद्धतीने साडूचं गणित मांडलं तर त्र्याण्णवचे झाले सत्तर. सरांनी ते 'सत्तर' तीन वेळा लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी ते जास्त सुंदर दिसलं.

मोठ्या मॅडमवर त्या सौंदर्याचा परिणाम झाला नाही. "दोन्ही पद्धती चालतात, सर. त्यांनी तळटीप दिलीय."

"मुंगीच्या पायाएवढी आहे ती तळटीप!"

"पण आहे ना?"

"मॅडम, ते अठ्ठावन्न अंथरुणाला खिळलेले असतील तर? नाहीतर गेलेच असतील तर?"

"ते कसं कळणार?"

आणि कंबरसर जे बोलले ते त्यांचं त्यांनाही नवं होतं. "मी जाऊन बघतो."

मॅडमनी चष्म्याची काडी तोंडातून काढली. "तुम्ही? स्वतः?"

एकोणीस वर्षांत सर एकाही रुग्णाच्या मागे इमारतीबाहेर पडले नव्हते. रुग्ण यायचे, आकडा द्यायचे आणि जायचे. पण मत्सरात मोठी ताकद असते. आठ दिवसांची मुदत आणि पत्त्यांची यादी घेऊन ते बाहेर पडले तेव्हा बातमी खिडकीच्या खोलीत पोचली होती. साडू धावत आला आणि जिन्यातच त्याने सरांना मिठी मारली.

"साडूभाऊ! माझ्या रुग्णांसाठी एवढी पायपीट? मी कसे पांग फेडू?"

"फेडाल," सर त्याच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत म्हणाले. "बुधवारी."

पहिला पत्ता एका शिंप्याचा होता. सर स्कूटर लावून दुकानात शिरले. आत मशीन धडधडत होतं. एक सत्तरीचा म्हातारा पायाने मशीन मारत होता आणि तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी भांडत होता. सरांचा चेहरा उजळला. रुग्णाचा हा भाऊ असणार. रुग्ण मागे अंथरुणावर.

"वर्षापूर्वी झटका आलेले आजोबा कुठे आहेत?"

"मीच की!" टाचण्यांमधून आवाज आला.

"तुम्ही? मग तपासणीला आला नाहीत ते?"

"सकाळी अकराला बोलावता. अकराला दुकानात पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी बोलवा, दोनदा येतो!" मग सरांकडे नीट बघून म्हणाला, "साहेब, बसा जरा. चेहरा उतरलाय तुमचा. छातीत दुखतंय का?"

दुसरा बसचालक. चौथा मजला, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर सर कठड्याला धरून उभे होते तेव्हा खालून एक माणूस खांद्यावर धान्याचं पोतं घेऊन शीळ घालत आला, त्यांना "सरका जरा" म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या घेत वर गेला. वर जाऊन सरांनी बेल वाजवली तर दार पोत्यानेच उघडलं. तिसरी एक निवृत्त शिक्षिका. ती वर्गातले सगळे व्यायाम घरीच करत होती आणि शेजारच्या चार बायकांनाही करायला लावत होती. सर पोचले तेव्हा त्यातल्या एकीला हात वर करता येईना म्हणून तिला छड्यांचे दिवस आठवायला लावणं चाललं होतं. चौथा आपल्या मुलीच्या गावी गेला होता. "पोहायला जातो तिथे," शेजारी कौतुकाने म्हणाला.

पहिल्या दिवसअखेर 'बरे' या रकान्यात सात खुणा. 'बरे नाहीत' मध्ये भोपळा.

दुसरा दिवस तसाच. तिसराही. ठणठणीत माणसं बघून इतकं खट्टू होणारा आरोग्यसंशोधक त्या शहराने पूर्वी पाहिला नसेल. दार उघडणारा हसतमुख असला की सरांचं तोंड पडायचं. कुणी खोकला तर आशा पल्लवित व्हायची. एका घरात तर त्यांनी रुग्णाला तीनदा विचारलं, "नक्की दम लागत नाही? जिना चढताना? नीट आठवून सांगा." शेवटी रुग्णाची बायको म्हणाली, "लागावा अशी तुमची इच्छा आहे का?" सर यादी दुमडून उठले.

चौथ्या दिवशी ते एका पाट्या रंगवणाऱ्याच्या घरी पोचले. पुढच्या खोलीत अर्धवट रंगवलेली पाटी भिंतीला टेकून उभी होती. 'सर्व प्रकारची कु' एवढंच लिहिलेलं. पुढची अक्षरं नुसती पेन्सिलीत. त्याच्या बायकोने दार उघडलं.

"ते गेले," ती म्हणाली. "वर्ग संपला, त्यानंतर चार महिन्यांनी."

आणि कंबरसरांच्या मनात, अगदी खोल कुठेतरी, उकळी फुटली. अखेर एक! पेन्सिल खिशातून आपोआप बाहेर आली. योग्य रकाना कुठला ते बोटांनी डोळ्यांच्या आधी शोधलं.

"थांबा हं," बाई म्हणाली आणि आतून एक कार्ड घेऊन आली. वर्गाचं हजेरीकार्ड. बारा आठवडे, आठवड्याला तीन चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण. छत्तीसच्या छत्तीस. पाट्या रंगवणाऱ्याचाच हात, प्रत्येक खूण कोरल्यासारखी. "रुग्णालयातून कुणी आलं की दाखव म्हणायचे. एकही दिवस चुकवला नाही हे सांग साहेबांना. मी खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. तुम्ही पहिलेच आलात."

पेन्सिल हवेतच राहिली.

"साहेब, एक विचारू?" बाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "त्यांचं काही चुकलं का? का माझं काही करायचं राहिलं?"

आठ महिने ती हा प्रश्न घेऊन बसली होती आणि विचारायला समोर कोण मिळालं, तर कंबरसर. एकोणीस वर्षं ज्याने प्रत्येक प्रश्नाला टक्क्यांत उत्तर दिलं तो माणूस. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाही," ते म्हणाले. "त्यांचं काही चुकलं नाही. तुमचंही नाही. सगळं नीट करूनही शंभरात काही जण..." इथे त्यांनी स्वतःची जीभ चावली. "काही माणसं जातात. त्यात कुणाचा दोष नसतो. मी मोजतो, म्हणून मला माहीत आहे."

बाईने मान हलवली. पदराने डोळे टिपले नाहीत की काही नाही, नुसती दोन वेळा मान हलवली, ओझं खांद्यावर नीट बसवताना हलवतात तशी. मग तिने कार्ड सरांच्याच हातात दिलं. "तुमच्याकडे असू दे. तिथे नोंद राहील."

त्या दिवशी सरांनी पुढचं घर केलं नाही. स्कूटरवर बराच वेळ बसून राहिले, ती सुरू न करता. एका माणसाच्या मरणाची बातमी ऐकून आपल्याला आनंद झाला होता, पेन्सिल काढण्याइतका, हे त्यांनी स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा ऐकायला तितकंच वाईट वाटलं. पण म्हणून साडूचा राग गेला का? छे. उलट वाढला. हे सगळं त्याच्यामुळे झालं होतं.

आठव्या दिवशी यादी संपली. अठ्ठावन्नपैकी एक्कावन्न सापडले. चव्वेचाळीस ठणठणीत. पाच जणांची तब्येत खरोखर बरी नव्हती. दोघं गेलेले. सात जणांचा पत्ताच लागला नाही. त्या सातांना सरांनी आपल्या कडक नियमाप्रमाणे 'बरे नाहीत' मध्ये टाकलं, जरा ढकलूनच टाकलं, आणि बेरीज केली. एकशे एकोणसत्तर अधिक चव्वेचाळीस, दोनशे तेरा. दोनशे चाळीसपैकी. म्हणजे एकोणनव्वद टक्के.

त्यांनी पुन्हा केलं. एकोणनव्वद. खालून वर केलं. एकोणनव्वद.

कंबरसरांनी कपाळाला हात लावला. त्र्याण्णव हा आकडा डळमळीत होता. त्याच्या पोटात अठ्ठावन्न जणांचं भोक होतं. ते भोक आपण उन्हातान्हात आठ दिवस हिंडून, जिने चढून, स्वतःच्या हातांनी बुजवलं होतं! आता कुणी माईचा लाल बोट ठेवू शकला नसता असा तो एकोणनव्वद कुणी तयार केला? साडूने? साडू तेव्हा खिडकीत बसून चहा पीत होता.

बुधवारी सकाळी आंघोळीआधी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती टॉवेल देईना.

"मग आता काय लिहिणार?"

"तपासणीच्या अर्जात पद्धत लिहायची असते. माझ्या नेहमीच्या पद्धतीने न आलेले ते बरे नाहीत. सत्तर टक्के. खोटं नाही त्यात काही. घरोघर जा असं कुणी मला सांगितलं नव्हतं. गेलो होतो हेही कुणी विचारणार नाही."

"खोटं नाही?"

"अजिबात नाही."

"मग तोंड का असं झालंय?"

सरांनी टॉवेल ओढून घेतला. पण बाहेर येऊन बॅगेतून अर्ज काढताना त्याच्याबरोबर हजेरीकार्ड निघालं. छत्तीस खुणा. सरांनी कार्ड बाजूला ठेवलं, 'सत्तर' लिहिण्यासाठी पेन उघडलं आणि त्यांचा हात रकान्यावर अडला. सत्तर लिहिलं तर हा पाट्या रंगवणारा 'न आलेले' मध्ये पडणार. पोतं घेऊन जिना चढणारा चालकही तिथेच. टाचण्या चावणारा शिंपीही तिथेच. एक गेलेला आणि दोन धडधाकट, एकाच डब्यात, झाकण लावून. या दोन प्रकारच्या माणसांत फरक करता यावा म्हणून तर सर एकोणीस वर्षं खुर्ची झिजवत होते. त्यांनी साडूला एक सणसणीत शिवी दिली, मनातल्या मनात पण पूर्ण, आणि एकोणनव्वद लिहिलं.

बैठक वीस मिनिटांत संपली. साडूने सरांची वही तपासली होती. "एकसष्ट. एकही चूक नाही," तो आदराने म्हणाला. मग सरांनी आपला कागद वाचला. मोठ्या मॅडमनी काडी चावायची थांबवली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हा आकडा मी कुठेही छातीठोकपणे सांगेन." हृदय चाळीस रुग्णालयांत गेलं. साडू उभा राहिला आणि म्हणाला की याचं सगळं श्रेय साडूभाऊंचं. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणारे सगळे साडूकडे बघत होते.

रविवारी सासूबाईंना सगळी हकिकत कळलेली होती.

"किती मोठं मन म्हणायचं!" त्या गहिवरून म्हणाल्या. सरांनी नम्रपणे मान खाली घातली. "भर बैठकीत सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं! दुसरा असता तर गिळून गप्प बसला असता. धाकट्या जावयांचं मनच मोठं."

सरांची खाली गेलेली मान खालीच राहिली.

"त्यात काय, आई!" साडू म्हणाला. "आता मी साडूभाऊंचे न आलेले शोधणार आहे. त्यांचे पन्नास आहेत. यादी मी वही तपासतानाच उतरवून घेतली. आठ दिवस कशाला, चार दिवसांत..."

"काही गरज नाही!" सर एवढ्या मोठ्याने ओरडले, की बायकोच्या हातातला चमचा पडला. "माझे मी शोधीन. द्या ती यादी!"

त्यांनी ती साडूच्या हातातून हिसकावलीच. ही यादी त्यांनी वर्षभरात उघडून पाहिली नव्हती. न आलेले ते बरे नाहीत, संपलं, पान उलटायचं. आता त्यांनी पहिली ओळ वाचली. क्रमांक सात. वय एकाहत्तर. चार वेळा हजर, पुढे गैरहजर. बरे नाही. आणि शेजारी पत्ता.

पत्ता ज्या घराचा होता त्या घरातच ते जेवायला बसले होते.

सर हळूहळू वर बघू लागले. सासूबाई ओट्याखाली वाकून ते मोठं पातेलं बाहेर काढत होत्या. त्यांनी ते उचललं. वर ठेवलं. झाकण खाली पडलं ते पुन्हा वाकून घेतलं.

"आई," सर म्हणाले, "तुम्ही माझ्या वर्गाला यायचं का बंद केलंत?"

"कुठल्या? तो खुर्चीचा? चार वेळा आले की."

"मग?"

"मग थांबली दुखायची. न दुखणारी कंबर घेऊन रुग्णालयात कशाला येऊ? तिथे आधीच किती गर्दी!"

"पण मला सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत?" सासूबाईंनी झाकण पातेल्यावर ठेवलं. "वर्षभर दर रविवारी येताय. येता, बसता आणि या धाकट्यांकडे टक लावून बघता. माझ्याकडे एकदा तरी बघितलंत? रोज सकाळी आठही व्यायाम करते मी. समोरच्या दोघींनाही शिकवलेत." मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं. "तुमच्या त्या कागदावर मी काय आहे?"

"ते... पद्धतीप्रमाणे..."

"काय आहे?"

"बरी न झालेली."

"मी? नापास?" सासूबाई जागच्या हलल्या. त्या खोलीच्या मधोमध आल्या, पाय जुळवले आणि एकाहत्तराव्या वर्षी गुडघे न वाकवता दोन्ही तळवे फरशीला टेकवले. टाळ्या वाजल्या. पहिली अर्थातच साडूची.

सरांनी पेन्सिल काढली. दोनशेपैकी एकशे तेवीस. साडेएकसष्ट.

"किती झाले?" सासूबाईंनी सरळ होत विचारलं.

"अर्ध्याने वाढले."

"आणि यांचे किती होते?"

"एकोणनव्वद."

"मग बसलात काय? उरलेले किती?"

"एकोणपन्नास."

"हात धुवा आणि निघा!"

"मी येऊ, साडूभाऊ?" साडू उभा राहिलासुद्धा होता. "पत्ते माझ्या डोक्यात आहेत."

ते असणारच होते. सरांनी दात खाल्ले, चप्पल घातली आणि म्हणाले, "मागे बसणार असाल तर चला."

दुसरं घर दोन गल्ल्या सोडून होतं. दार एका उंच म्हाताऱ्याने उघडलं. वर्षापूर्वी हाच माणूस काटकोनात वाकून वर्गात आला होता आणि सरांनी त्याचा चेहरा तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा पाहिला होता. आता तो दाराच्या चौकटीएवढा सरळ उभा होता.

"कंबर कशी आहे?" सरांनी श्वास रोखून विचारलं.

"कंबर? तिला काय झालंय? उत्तम आहे!" म्हातारा म्हणाला. मग त्याची नजर सरांच्या खांद्यावरून मागे गेली आणि चेहरा खुलला. "अरे, तुम्ही ते हृदयवाले ना? बरे सापडलात. मला विचारायचंच होतं, छातीत डावीकडे दुखलं तर..."

साडू पुढे झाला. कंबरसर बाजूला सरकले. तिथे एक कुंडी होती. तिच्याशेजारी उभं राहून त्यांनी यादी तळहातावर धरली, साडेएकसष्ट खोडलं, बासष्ट लिहिलं आणि डावीकडचं संपायची वाट बघू लागले.